बाप्तिस्म्यानंतरची वर्षे

पुण्याहून साताऱ्याच्या वाटेला लागले, कात्रजचा बोगदा ओलांडला, खेड-शिवापूर मागे टाकले, की कापूरहोळच्या अलीकडे शिवरे हे भोर तालुक्यातले गाव लागते. महामार्गावरून धावणाऱ्या वाहनांना त्याचे नाव वाचायचीही सवड नसते. आम्ही विद्यार्थ्यांना घेऊन साताऱ्याला निघालो होतो तेव्हा चहासाठी गाडी तिथे थांबली, एवढाच आमचा त्या गावाशी संबंध. पण तिथे उभ्या उभ्या एका विद्यार्थिनीने विचारलेला प्रश्न अजून आमच्या मनातून गेलेला नाही. ती 'स्मृतिचित्रे' नुकतीच वाचून आली होती. म्हणाली, "सर, टिळक ख्रिस्ती झाले हे कळलं. पण ते बदलले का?"

आम्ही वर्षानुवर्षे 'स्मृतिचित्रे' शिकवीत आलो आहोत. लक्ष्मीबाईंचा विनोद, त्यांची बोलीभाषा, वडिलांचा सोवळेपणा, टिळकांचा विसराळूपणा यांवर वर्गात हशा पिकवणे सोपे असते. परीक्षेतही 'लक्ष्मीबाईंच्या शैलीची वैशिष्ट्ये' याच अंगाने प्रश्न येतो. मात्र त्या हशाच्या तळाशी जो प्रश्न आहे, तो आम्ही स्वतः कधी नीट विचारला नव्हता. माणसाने धर्म बदलला म्हणजे त्याचा स्वभाव बदलतो काय? बदलत असेल तर तो केव्हा, किती आणि कोणाच्या साक्षीने? त्या दिवशी गाडीत बसल्या बसल्या आम्ही जे बोललो ते तुटक होते. ते जरा सावकाशीने मांडण्याचा हा प्रयत्न.

प्रथम शब्दांविषयी. ख्रिस्ती धर्मशास्त्र येथे दोन गोष्टींत भेद करते. देवाच्या कृपेने माणूस नीतिमान ठरवला जातो ही एक, आणि त्यानंतर त्याचे जे पवित्रीकरण होत जाते ती दुसरी. पहिली एका क्षणात घडू शकते, तर दुसरी आयुष्यभर चालते. गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात पौलाने आत्म्याचे फळ म्हणून नऊ गुण सांगितले आहेत. मराठी पवित्र शास्त्रात या यादीचा शेवट ज्या शब्दाने होतो तो आहे 'इंद्रियदमन'. हा शब्द मराठी वाचकाला परका नाही. गीतेच्या आणि संतांच्या परंपरेतला तो ओळखीचा शब्द आहे. १८११ मध्ये श्रीरामपूरच्या छापखान्यातून विल्यम केरी यांच्या खटपटीने मराठी नवा करार बाहेर पडला, तेव्हापासून पुढच्या शंभर-सव्वाशे वर्षांत भाषांतरकारांनी ख्रिस्ती शीलासाठी मराठीतलेच साधनेचे शब्द उचलले. सहनशीलता, सौम्यता, इंद्रियदमन हे शब्द उच्चारताच मराठी माणसासमोर एखाद्या पाश्चात्त्य धर्मगुरूआधी आपला एखादा संत उभा राहतो. पहिल्या मराठी ख्रिस्ती पिढ्यांची आध्यात्मिक वाटचाल याच दुहेरी वारशात घडली, हे लक्षात ठेवून पुढे जावे.

या वारशाची दोन टोके एकमेकांना अनोळखी नव्हती. अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८१३ मध्ये मुंबईत आणि १८३१ मध्ये अहमदनगरला (आजच्या अहिल्यानगरला) आले. ते काँग्रिगेशनल पंथाचे, म्हणजे प्युरिटन परंपरेचे वारसदार. रोज स्वतःच्या मनाची झडती घेणे हा त्या परंपरेचा पाया होता. आता तुकोबांचे अभंग आठवून पाहावेत. स्वतःच्या दोषांची इतकी निर्दय उलटतपासणी करणारा कवी मराठीत दुसरा नाही. नारायण वामन टिळक सांगत असत, की आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. हे वाक्य आपण सहसा काव्यमय उद्गार म्हणून वाचतो. आम्हांला ते अगदी शब्दशः खरे वाटते. ज्या झडतीची सवय अभंगांनी लावली होती, तीच सवय घेऊन टिळक शुभवर्तमानापाशी गेले.

टिळकांचा जन्म १८६१ चा, रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचा. लहानपणीच आई गेली. मग घर सोडणे, नाशिकला संस्कृताचे अध्ययन, १८८० मध्ये जलालपूरच्या गोखल्यांच्या मनूशी लग्न, आणि नंतर एका गावाहून दुसऱ्या गावी चाललेली अखंड भटकंती. हीच मनू पुढे लक्ष्मीबाई झाली. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपीय प्रवाशाने त्यांच्याशी काव्याविषयी गप्पा मारल्या आणि उतरताना नव्या कराराची प्रत हाती ठेवली. दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे भाकीतही त्याने केले. टिळकांनी पुस्तक वाचायला घेतले आणि मत्तयाच्या पाचव्या अध्यायाशी, म्हणजे डोंगरावरील प्रवचनापाशी, ते जे थांबले ते कायमचेच. दहा फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला.

टिळक थांबले ते कोठे, हे येथे पाहावे. त्रैक्याच्या सिद्धान्तापाशी किंवा चमत्कारांपाशी ते अडले नाहीत. शीलाच्या शिकवणीने त्यांना धरले. त्या प्रवचनात खुनाच्या आज्ञेनंतर लगेच रागाचा विचार येतो. भावावर मनात धरलेला रागही तिथे अपराधाच्या कक्षेत ओढला जातो. आणि टिळक तर कमालीचे तापट! त्यांच्या तापटपणाला 'स्मृतिचित्रे'त पानोपानी साक्ष आहे. आपल्या सर्वांत मोठ्या दोषावर नेमके बोट ठेवणारे पुस्तक माणसाला एक तर फेकून द्यावेसे वाटते किंवा सोडवत नाही. टिळकांना ते सोडवले नाही, असा आमचा तर्क आहे.

मग बाप्तिस्म्याच्या दुसऱ्या दिवशी राग गेला काय? मुळीच नाही. आमच्या मते 'स्मृतिचित्रे'चे मोठेपण येथे आहे. मिशनच्या अहवालांत धर्मांतराची कथा बाप्तिस्म्यापाशी संपते. लक्ष्मीबाईंची कथा तिथे जेमतेम रंगात येते. नवरा बाटला म्हणून कोसळलेल्या स्त्रीच्या डोळ्यांनी आपण तो प्रसंग पाहतो. त्यानंतरची जवळजवळ पाच वर्षे ती बहुतांशी नातलगांच्या आश्रयाने काढते, आणि मग मुलाला घेऊन नवऱ्याकडे परतते, तेव्हा तिच्याबरोबर तिचे सोवळेही येते. तिची चूल वेगळी, पाणी वेगळे. नवा धर्म स्वीकारलेल्या घरात जुना धर्म आपली हद्द आखून बसतो.

टिळकांच्या शीलाची पहिली मोठी परीक्षा आम्हांला येथे दिसते. त्या काळच्या कायद्याने आणि रूढीने नवऱ्याचा शब्द अखेरचा होता. टिळकांसारख्या उतावळ्या माणसाने एका रागाच्या झटक्यात ती वेगळी चूल मोडली असती तर त्यांना कोणी जाब विचारला नसता. त्यांनी ती मोडली नाही. लक्ष्मीबाईंनी आपल्या बुद्धीने, आपल्या वेळेने निर्णय घ्यावा म्हणून ते थांबले. इतर बाबतीत क्षणभरही न थांबणारा हा माणूस एवढ्या एका बाबतीत थांबायला शिकला. सहनशीलता हा शब्द त्यांनी किती प्रवचनांतून उच्चारला असेल ते असो. आपल्या लेखी त्याचा खरा अर्थ त्या वेगळ्या चुलीपाशी आहे.

आणि लक्ष्मीबाई बदलल्या त्या कशा? कोणाच्या उपदेशाने नव्हे. जात देवाने केली की माणसाने, हा प्रश्न त्यांना आपला आपणच पडला आणि त्याचे उत्तरही त्यांनी स्वतःच काढले. बाप्तिस्मा घेण्याआधीच त्यांनी शिवाशिव सोडली होती. हा क्रम आम्हांला फार महत्त्वाचा वाटतो. १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांच्या आत जे घडायचे ते बरेचसे घडून गेले होते. टिळकांचा बाप्तिस्मा आधी आणि स्वभावाची घडण नंतर. लक्ष्मीबाईंचे नेमके उलट. एकाच घरात दोन मार्ग दिसतात, म्हणून या विषयावर कोणतेही एकच सूत्र बांधणाऱ्याने जपून राहावे.

तो काळ दुष्काळाचा होता. १८९९-१९०० च्या दुष्काळाने नगर जिल्ह्यात माणसे आणि गुरे दोन्ही उद्ध्वस्त केली. त्या भागातील ख्रिस्ती समाज मुख्यतः महार आणि मांग कुटुंबांतून आलेला. ब्राह्मण घरातून आलेल्या नवख्रिस्ती माणसाला तिथे एक मोह सहज पडू शकत होता. धर्म बदलायचा, पण जातीची उंची मनात तशीच ठेवायची. अशी उदाहरणे त्या काळात होतीच. अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातीतली नकुशी टिळकांच्या घरात मुलीसारखी वाढली, आणि जिने कधी काळी पाण्याचा घडा वेगळा ठेवला होता त्याच बाईने तिला वाढवले. दोन प्रसंगांमध्ये थोडीच वर्षे आहेत. पण त्या वर्षांत एका माणसाने जे अंतर तोडले, ते अंतर तोडायला आमच्या समाजाला शंभर वर्षे अपुरी पडली. म्हणून आध्यात्मिक वाढ म्हणजे काय असे कोणी विचारले, तर व्याख्या सांगण्यापेक्षा आम्ही हे दोन प्रसंग शेजारी शेजारी ठेवू.

टिळकांच्या घराचे दार दुसऱ्याही एका अर्थाने उघडे होते. बालकवी म्हणजे त्र्यंबक बापूजी ठोमरे नगरला त्यांच्या घरी राहिले. त्या घराने त्यांना माया दिली, कवितेला सोबत दिली, आणि ते हिंदूच राहिले. ज्या घरात धर्मप्रसार हे व्रत होते, तिथे एका संवेदनशील, परावलंबी तरुणावर त्यासाठी दडपण आले नाही, ही गोष्ट लहान नव्हे. उपकाराच्या बदल्यात श्रद्धा मागायची नाही, हाही शीलाचाच भाग आहे. धर्मांतराविषयी आज जी कडवट चर्चा चालते, तिच्यात दोन्ही बाजूंनी हे उदाहरण आठवायला हरकत नाही.

येथे पंडिता रमाबाईंचा उल्लेख अपरिहार्य आहे, कारण याच प्रश्नाचे सर्वांत स्पष्ट उत्तर त्यांनी दिले आहे. रमाबाईंचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडात वाँटेज येथे झाला. १९०७ साली लिहिलेल्या आपल्या साक्षीत त्या मोकळेपणाने सांगतात, की बाप्तिस्म्यानंतर कित्येक वर्षे आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण खुद्द ख्रिस्त सापडला नव्हता. ही कबुली देणारी बाई त्या वेळी जगभर ख्रिस्ती वर्तुळांत कीर्ती पावलेली होती. शारदा सदन होऊन अठरा वर्षे झाली होती आणि केडगावची मुक्ती मिशन शेकडो मुली-स्त्रियांचा आसरा बनली होती. अशा स्थितीत आपली पहिली काही वर्षे अपुरी होती असे लिहिणे यालाच आम्ही सौम्यता म्हणू. सौम्यता म्हणजे मिळमिळीतपणा मात्र नव्हे. ज्यांनी आश्रय दिला त्या इंग्रज धर्मभगिनींशीही रमाबाई सिद्धान्तांवरून आणि विवेकस्वातंत्र्यावरून ताठ मानेने भांडल्या. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरे कशासाठी, असेही त्यांनी विचारले. आज्ञाधारकपणा हाच ख्रिस्ती सद्गुणाचा कळस, हे त्यांना मान्य नव्हते.

टिळकांचाही शेवटचा अध्याय असाच आहे. १९०४ मध्ये त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. नगरच्या धर्मशिक्षणाच्या विद्यालयात ते शिकवीत. १९१२ पासून 'ज्ञानोदया'च्या मराठी विभागाचे संपादनही त्यांच्याकडे आले. त्यांची भजने मंडळ्यांतून गायिली जात होती, कीर्तने गाजत होती. थांबायला ही जागा चांगली होती. पण १९१७ मध्ये त्यांनी मिशनची पगारी सेवा सोडली, संन्यस्त वृत्तीने राहण्याचे ठरवले आणि साताऱ्याला येऊन 'देवाचा दरबार' उभारला. बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्याही ख्रिस्तभक्तांचा हा एक बंधुसंघ असावा, अशी ती कल्पना होती. ज्याच्या बाप्तिस्म्याने एक घर पाच वर्षे दुभंगले, तोच माणूस बावीस वर्षांनंतर म्हणतो की बाप्तिस्मा हे भक्तीचे कुंपण नव्हे! त्याच्या मनाचा विस्तार मोजायचा असेल तर १८९५ आणि १९१७ ही दोन वर्षे समोरासमोर ठेवावीत.

मात्र एक गोष्ट नजरेआड करणे अप्रामाणिकपणाचे होईल. टिळकांच्या त्यागाची किंमत केवळ टिळकांनी मोजली नाही. हातात आलेला पैसा कोणाला तरी देऊन मोकळे होणारा नवरा आणि उद्याच्या पिठामिठाची काळजी करणारी बायको, हा 'स्मृतिचित्रे'तला विनोदाचा झरा आहे. वर्गात आम्ही त्यावर हसतो. लक्ष्मीबाईही हसतात, पण त्यांनी तो काळ जगून काढल्यानंतर. ज्या दानशूरपणाचा भार दुसऱ्याच्या खांद्यावर पडतो, तो निखळ सद्गुण मानावा काय? पगार सोडण्याचा निर्णय आत्म्याच्या उन्नतीचा म्हणावा, तर संसाराच्या पोटाचे काय? आम्हा चौघांत या मुद्द्यावर आजही एकमत नाही. एकाला यात बुद्धापासून चालत आलेली गृहत्यागाची थोरवी दिसते, तर दुसऱ्याला यशोधरेच्या बाजूने बोलावेसे वाटते. इतके मात्र आम्ही सारे मान्य करतो, की हा प्रश्न आपण विचारू शकतो तो लक्ष्मीबाईंनी लिहून ठेवले म्हणूनच. पुरुषाच्या साधनेचा हिशेब त्याच्या घरातल्या स्त्रीने मांडावा, असे आपल्या वाङ्मयात फार क्वचित घडले आहे. तुकोबांच्या आवलीला लेखणी मिळाली नाही. लक्ष्मीबाईंना ती मिळाली, आणि ती त्यांच्या हाती देण्यात टिळकांचाच वाटा होता. बायकोला अक्षरे शिकवताना आपण आपल्याच आयुष्याचा साक्षीदार घडवीत आहोत, याची त्यांना कल्पना असेल काय?

आता या साक्षीदाराचा निकाल काय? १९३४ ते १९३६ या काळात 'स्मृतिचित्रे'चे चार भाग प्रसिद्ध झाले तेव्हा टिळकांना जाऊन पंधरा वर्षे उलटली होती. दोष झाकायचे असते तर झाकता आले असते, आणि सूड घ्यायचा असता तर त्यालाही अडवणारे कोणी नव्हते. लक्ष्मीबाईंनी दोन्ही केले नाही. त्यांचे टिळक अखेरपर्यंत तापटच राहतात. पण आरंभी त्यांचा राग पेटला की समोरच्याला भाजून काढतो, आणि पुढे त्या रागामागून पश्चात्ताप अधिकाधिक जवळून चालत येतो. रागाचा क्षण आणि क्षमा मागण्याचा क्षण यांतले अंतर घटत जाते. आम्ही पुस्तक पुन्हा याच दृष्टीने वाचले तेव्हा हे जाणवले, आणि त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे उत्तर बहुधा येथेच आहे. स्वभाव जात नाही. पण स्वभावाचा आपल्यावरचा अंमल कमी होत जातो. त्यालाच मराठी पवित्र शास्त्राने इंद्रियदमन हे आपले जुनेच नाव दिले आहे.

टिळक ९ मे १९१९ रोजी मुंबईत वारले. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांच्या देहाला दफनाऐवजी अग्नी देण्यात आला. 'देवाचा दरबार' त्यांच्यामागे फार काळ टिकला नाही. पण बी वाया गेले नाही. १९२३ मध्ये त्यांचे इंग्रजी चरित्र लिहिणारे जॅक विन्स्लो यांनी १९२२ मध्ये ख्रिस्त सेवा संघाची स्थापना केली. भारतीय रीतीने राहणारा हा संघ पुढे पुण्यात स्थिरावला आणि शिवाजीनगरच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात त्याची आठवण उरली. टिळकांचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' लक्ष्मीबाईंनी हाती घेतले आणि त्यात अध्यायांमागून अध्यायांची भर घातली. एके काळी ज्या धर्माच्या नावाने त्या रडल्या होत्या, त्या धर्माचे महाकाव्य त्यांच्या म्हातारपणाचे काम झाले. १९३६ मध्ये त्यांचा मृत्यू झाला.

साताऱ्याहून परतताना अंधार पडला होता. शिवरे केव्हा मागे गेले ते कळलेही नाही. विद्यार्थी बहुतेक झोपले होते. प्रश्न विचारणारी मुलगी मात्र जागी होती. आम्ही तिला एवढेच म्हणालो, की बदलले की नाही हे टिळकांना विचारू नकोस, मिशनलाही विचारू नकोस. त्यांच्या स्वयंपाकघरात विचार. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "मग हे सगळ्यांनाच लागू आहे, सर." आम्हांला आपापली घरे आठवली. असो.